सर रिचर्ड बर्टन आणि आमचा वेताळ

पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोलची खाडी ओलांडून थोडे पुढे गेले म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे गाव लागते. तेथील वेतोबाच्या देवळात भाविक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठमोठ्या वाहणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, रानावनांतून आणि शेताच्या बांधांवरून चालतो, म्हणून त्याच्या वाहणा झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. आमच्या गोमंतकातही डिचोली तालुक्यातील आमोणे, काणकोणातील लोलये आणि पैंगीण अशा कितीतरी गावी हा देव नांदतो. आमच्या कोकणी घरांतून त्याला बेताळ म्हणतात. काळोख्या वाटेने जाताना भय वाटले तर त्याचे नाव घ्यावे, असे वडीलधारी माणसे मुलांना सांगत आली आहेत. भुतांचा तो अधिपती खरा. परंतु गावकऱ्यांना तो आपला राखणदार वाटतो.

याच देवाची एक निराळी ओळख ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकांत आढळते. तेथे वेताळ म्हणजे व्हँपायर, म्हणजेच माणसांचे रक्त शोषणारे पिशाच. आमच्या विद्यार्थ्यांना अशा रक्तपिपासू पिशाचांच्या कादंबऱ्यांची मोठी गोडी आहे. एक भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, अशा त्यांच्या मालिकाच असतात. त्या वाचणाऱ्या एखाद्या मुलाने आमचा वेताळ म्हणजे ड्रॅक्युलाचाच हिंदी भाऊ काय, असे विचारले तर त्यात नवल नाही. हे नाते प्रथम कोणी जुळविले, हे पाहू गेल्यास एका विलक्षण पुरुषाच्या चरित्राकडे जावे लागते. तो पुरुष म्हणजे सर रिचर्ड फ्रान्सिस बर्टन. त्याचे चरित्र सांगावे आणि त्याच्या वेताळाची योग्यताही पारखून पाहावी, असे आम्ही योजिले आहे.

बर्टनचा जन्म इंग्लंडातील टॉर्की या गावी १९ मार्च १८२१ रोजी झाला. त्याचा पिता सैन्यातील अधिकारी होता. प्रकृतीच्या कारणाने त्याने आपला संसार फ्रान्स व इटली या देशांत हलविला, त्यामुळे रिचर्ड, त्याचा भाऊ एडवर्ड आणि बहीण मारिया यांचे बालपण सतत मुक्काम बदलण्यात गेले. एका शाळेत स्थिर शिक्षण असे या मुलांना लाभलेच नाही. मात्र ज्या गावी जावे तेथील बोली खेळगड्यांकडून उचलावी, ही सवय रिचर्डला तेव्हापासून लागली. १८४० मध्ये तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याने आपल्या आपणच अरबी भाषा शिकण्यास आरंभ केला. तथापि शिस्तीचे आणि त्याचे कधी जमले नाही. घोड्यांच्या शर्यतीस जाऊ नये अशी आज्ञा असताना तो उघडपणे गेला, वर आपल्या कृत्याचे समर्थनही करू लागला. परिणामी १८४२ मध्ये त्यास विद्यापीठातून काढून टाकण्यात आले.

त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी पत्करून तो ऑक्टोबर महिन्यात मुंबई बंदरात उतरला. त्याची पलटण बडोद्यास होती. इतर तरुण अधिकारी शिकार आणि मेजवान्या यांत वेळ घालवीत. बर्टन मात्र मुनशी व पंडित यांच्यापुढे बसून भाषा शिके. हिंदुस्थानी, गुजराती आणि आपली मराठी यांच्या परीक्षा त्याने दिल्या. पुढे सिंधी, फारसी, अरबी अशी भर पडत जाऊन आयुष्याच्या अखेरीस त्याला पंचवीसहून अधिक भाषा येत होत्या असे सांगतात.

त्याची अभ्यासाची रीत विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. नवी भाषा घेतली की तो प्रथम तिचे साधे व्याकरण आणि नित्याचे शब्द खुणा करून पाठ करी. पुस्तक सदैव खिशात असे आणि सवड मिळेल तेव्हा ते निघे. परंतु एका बैठकीस पाव तासाहून अधिक काळ तो देत नसे, कारण त्यानंतर मनाचा ताजेपणा जातो असा त्याचा अनुभव होता. मग एखादे सोपे पुस्तक घेऊन त्यातील ध्यानात ठेवावयाचे शब्द अधोरेखित करावयाचे, आणि उच्चार जिभेवर बसेपर्यंत घोकावयाचे. एवढ्यावर त्याची जिज्ञासा थांबली नाही. त्याने काही माकडे पाळून त्यांच्या आवाजांचाही अभ्यास केला आणि सुमारे साठ ध्वनींची यादी बनविली!

१८४४ च्या सुमारास तो सिंधमध्ये गेला. तेथे जमीन मोजण्याच्या कामावर असताना त्याने आपल्या आयुष्यातील मोठी युक्ती साधली. केस वाढवून, त्वचेस रंग लावून आणि बुशहरचा व्यापारी मिर्झा अब्दुल्ला असे नाव धारण करून तो बाजारांतून व घरांतून हिंडू लागला. साहेबाच्या वेषात जे कधी कानांवर आले नसते, ते मिर्झाच्या कानांवर सहज येई.

परंतु शरीर थकले. १८४६ मध्ये पटकीच्या दुखण्याने त्यास घेरले आणि दोन वर्षांची रजा घ्यावी लागली. विश्रांतीसाठी निलगिरीच्या डोंगरांत जावयाचे ठरले, आणि जाता जाता १८४७ च्या आरंभी तो मुंबईहून पत्तेमारीत बसून आमच्या गोमंतकात आला. मुरगावच्या पठारावरून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता समुद्राच्या पलीकडे अग्वादचे टोक दिसते. त्याच्याच कुशीतून मांडवीत शिरणाऱ्या वाटेने हा पाहुणा पणजीस पोहोचला. पणजी, जुन्या गोव्याचे ओसाड वाडे आणि चर्च हे सर्व त्याने पाहिले आणि १८५१ मध्ये या प्रवासावर एक ग्रंथ लिहिला. ग्रंथ चटकदार आहे, त्यातील वर्णने जिवंत आहेत. परंतु येथील माणसांविषयी त्याने जे लिहिले ते पुष्कळ ठिकाणी तिरस्काराचे आणि गर्वाचे आहे. दुखणाईत प्रवासी चिडखोर असतो, एवढे सांगून ते झाकता येणार नाही. त्या काळच्या राज्यकर्त्या जातीचा ताठा त्याच्याही अंगी होता. परक्याची भाषा, वेष, रीतिभाती सर्व काही तो घेई, पण परक्यापुढे मान लवविणे त्यास क्वचितच साधले. त्याच्या साऱ्या चरित्राची गुणदोषांची किल्ली आम्हांस येथेच सापडते.

१८४९ मध्ये तो स्वदेशी परतला. त्यानंतरची त्याची कीर्ती धाडसाची आहे. १८५३ मध्ये मुसलमान यात्रेकरूच्या वेषात त्याने मदिना आणि मक्का येथवर प्रवास केला. ओळख पटती तर प्राण वाचणे कठीण होते. १८५५ च्या जानेवारीत तो आफ्रिकेतील हरार या बंदिस्त नगरात शिरला आणि सुखरूप बाहेर आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्बेरा येथे त्याच्या तळावर हल्ला झाला. एक भाला त्याच्या एका गालातून शिरून दुसऱ्या गालातून बाहेर पडला. तो व्रण त्याच्या मुखावर जन्मभर राहिला. पुढे नील नदीचा उगम शोधण्यासाठी तो स्पीक या सहकाऱ्यासह निघाला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये टांगानिका सरोवराच्या काठी पोहोचला. आजारी बर्टनला मागे ठेवून स्पीकने व्हिक्टोरिया सरोवर गाठले आणि नीलचा उगम तेथेच आहे असे प्रतिपादिले. यावरून दोघांत जे वैर जडले ते १८६४ मध्ये स्पीकच्या अपघाती मृत्यूपर्यंत मिटले नाही. स्पीकचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे ठरले, हे येथे नमूद केले पाहिजे.

१८६१ मध्ये इझाबेल अरुंडेल या कुलीन स्त्रीशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर तो इंग्लंडच्या सरकारचा वकील म्हणून पश्चिम आफ्रिकेजवळील फर्नांडो पो बेट, ब्राझिलातील सांतोस, दमास्कस आणि शेवटी त्रिएस्त अशा ठिकाणी राहिला. दमास्कसच्या नेमणुकीच्या काळात, १८७० मध्ये, लंडनहून त्याचे ते पुस्तक प्रसिद्ध झाले, ज्यात विक्रम राजाशी व्हँपायरची जोडी लावली होती. त्याचा आधार म्हणजे आमची वेताळपंचविशी.

या कथांचा इतिहास फार जुना आहे. अकराव्या शतकात काश्मिरातील सोमदेवाने आपल्या कथासरित्सागरात त्या गुंफल्या. विशेष हे की, तेथील राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीच्या काठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी १८३० मध्येच आणली होती. म्हणजे इंग्रज वाचकांस बर्टनचे पुस्तक मिळाले त्याच्या चाळीस वर्षे आधी मराठी वाचकांस या कथा छापील स्वरूपात लाभल्या होत्या.

कथेची चौकट सर्वांच्या परिचयाची आहे. एक कपटी योगी राजाकडून वचन घेतो की, स्मशानातील झाडावर लोंबणारे प्रेत त्याने खांद्यावरून आणून द्यावे. त्या प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाटेत तो एक कथा सांगतो आणि शेवटी न्यायाचा एक प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटावयाचे. उत्तर दिले तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जावयाचा. राजा पुन्हा जातो, पुन्हा प्रेत खांद्यावर घेतो. शेवटच्या प्रश्नास राजाला उत्तर सापडत नाही आणि तो खरोखरच मौन धरतो. तेव्हा त्याच्या धैर्यावर प्रसन्न होऊन वेताळच त्यास योग्याच्या कपटाची सूचना देतो आणि त्याचे प्राण वाचवितो.

आता बर्टनने काय केले ते पाहू. पंचवीसांपैकी अकराच कथा त्याने घेतल्या. त्यांचे शब्दशः भाषांतर न करता त्या आपल्या रीतीने फुलविल्या. वेताळाच्या तोंडी स्वतःचे तिरकस शेरे घातले. हिंदी चालीरीतींवर ठिकठिकाणी टिपा जोडल्या. त्याचा वेताळ वटवाघळाप्रमाणे पायांच्या बोटांनी फांदीस लोंबतो आणि जगातील ढोंगांवर हसतो. या पुस्तकाचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. त्यात विनोद आहे, वेग आहे, आणि ज्या युरोपीय वाचकांस संस्कृत कथांचा गंधही नव्हता, त्यांच्या दारी या कथा त्याने नेऊन पोहोचविल्या.

दोष आहे तो नावात. व्हँपायर म्हणजे युरोपातील लोकसमजुतीप्रमाणे स्वतःच्याच देहाने थडग्यातून उठणारे आणि जिवंतांचे रक्त पिणारे प्रेत. वेताळ परक्या प्रेतात वस्ती करतो आणि त्याच्या मुखाने बोलतो. संस्कृत ग्रंथांतील वेताळ स्मशानवासी आहे, भेसूर आहे, रक्तमांसाशी त्याचा संबंधही सांगितला आहे; तेव्हा बर्टनच्या नावास काहीच आधार नव्हता असे नव्हे. परंतु त्याने वेताळाचे एकच अंग दाखविले. आमच्या वेशीवर उभा असणारा, वाहणा झिजवून रात्रभर जागणारा जो वेताळ, त्याला त्या नावात जागा उरली नाही.

त्याच वेताळपंचविशीत चार विद्वान भावांची एक कथा आहे. त्यांना रानात एका पशूची हाडे सापडली. एकाने हाडे जुळविली, दुसऱ्याने मांस चढविले, तिसऱ्याने कातडे घातले आणि चौथ्याने प्राण फुंकले. तो हिंस्र पशू उठला आणि चौघांनाही खाऊन गेला. वेताळ विचारतो, यांत मोठा दोषी कोण? राजा म्हणतो, प्राण घालणारा. कारण इतरांना पुढे काय होणार ते दिसत नव्हते, त्याच्यासमोर मात्र पशूचे रूप उघड उभे होते. बर्टनने ही कथा आपल्या पुस्तकात घेतली आहे. आम्हांस वाटते, त्याने स्वतःही काहीसे तसेच केले. जुन्या कथेच्या हाडांना त्याने नवे प्राण दिले, पण ते देताना तिला रक्तपिपासूचे नाव दिले. आणि या भाषापंडितास शब्दाचे सामर्थ्य दिसत नव्हते असे कोण म्हणेल?

या नावाचा आणखी एक धागा कुतूहलजनक आहे. ब्रॅम स्टोकर हा लंडनच्या प्रसिद्ध नट हेन्री आयर्व्हिंग याचा व्यवस्थापक. १८७८ मध्ये त्याची बर्टनशी ओळख झाली. पुढे १९०६ मध्ये लिहिलेल्या आठवणींत त्याने बर्टनच्या करारी मुद्रेचे वर्णन केले आणि बोलताना ओठ वर जाऊन त्याचा सुळा कसा चमके, हेही आवर्जून सांगितले. याच स्टोकरची ड्रॅक्युला ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ड्रॅक्युलाचे सुळे बर्टनकडूनच घेतले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वेताळाला व्हँपायर म्हणणारा पुरुष आणि व्हँपायरचा सर्वांत प्रसिद्ध कथाकार एका मेजावर बसून बोलले होते, ही गोष्ट खरी.

बर्टनची अखेरची अठरा वर्षे त्रिएस्त येथे ग्रंथलेखनात गेली. १८७६ मध्ये तो पत्नीसह पुन्हा हिंदुस्थानात आला आणि गोव्यासही येऊन गेला. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या कामोंइश या पोर्तुगीज महाकवीच्या महाकाव्याचे त्याने केलेले भाषांतर १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. १८८५ ते १८८८ या काळात अरबी भाषेतील सुरस कथांचे सोळा खंड बाहेर पडले आणि प्रथमच त्याच्या हाती पैसा आला. १८८६ मध्ये त्यास सर ही पदवी मिळाली. २० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्त येथे त्याचे देहावसान झाले. त्यानंतर पत्नीने त्याचे एक अप्रकाशित हस्तलिखित अग्नीच्या स्वाधीन केले; त्याच पत्नीने १८९३ मध्ये विक्रम व वेताळ यांचे पुस्तक नव्याने छापविले. लंडनमधील मोर्टलेक येथे अरबी तंबूच्या आकाराच्या दगडी समाधीत ती दोघे चिरनिद्रा घेत आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. भयकथांच्या मालिकांची योग्यता कशी ठरवावी? केवळ अंगावर काटा आला म्हणून कथा चांगली ठरत नाही. दार एकाएकी आपटले तरी काटा येतोच. इंग्लंडात १८४५ ते १८४७ या काळात वार्नी नावाच्या व्हँपायरची एक मालिका पेनीच्या चोपड्यांतून दर आठवड्यास निघत असे. तेच थडगे, तीच किंचाळी, तोच पाठलाग असे प्रसंग पुनःपुन्हा येत राहिले आणि अखेर वार्नीने ज्वालामुखीत उडी घेतली तेव्हा ती संपली. अशा मालिकेत वाचकाची उत्सुकता जागी राहते, बुद्धी मात्र झोपी जाते. ड्रॅक्युलाची योग्यता पुष्कळ वरची. पत्रे आणि रोजनिशा यांतून ती कथा उलगडते, आणि एकटा माणूस ज्या संकटापुढे हरतो त्यावर मित्र एकजुटीने मात करतात, हे ती मनावर ठसविते.

आमच्या मते वेताळपंचविशीचे स्थान या दोहोंहून निराळे आहे. येथे भूत खांद्यावर बसलेले असते, परंतु ते कोणाच्या गळ्यास दात लावीत नाही. ते न्याय विचारते. राजाचा कस त्याच्या तलवारीत लागत नाही, विवेकात लागतो. वारंवार अपयश येऊनही जो पुन्हा त्याच झाडाकडे वळतो, त्याच्यावर शेवटी ते भूतच प्रसन्न होते. भय ओसरल्यानंतर मनात विचार करण्याजोगे काही उरते की नाही, ही आमची कसोटी. या कसोटीस बर्टनचे पुस्तकही उतरते, कारण त्याने नाव बदलले तरी प्रश्न बदलले नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, भयकथा वाचू नका असे आम्ही सांगणार नाही. त्या खुशाल वाचा, आणि पुस्तक मिटल्यावर ही कसोटी लावून पाहा. बर्टनची चिकाटी, त्याची भाषांची भूक, पाव तासाचा त्याचा नियम हे सारे उचलण्याजोगे आहे. मात्र परक्याच्या देवाला नाव देताना त्याच्याकडून जी घाई झाली, ती आपल्याकडून होऊ नये. आपणही शेजारच्या घरातील, शेजारच्या धर्मातील कितीतरी गोष्टींना न पाहता, न विचारता नावे ठेवीत असतो. एखाद्या सुट्टीत आमोण्यास किंवा आरवलीस जाण्याचा योग आला तर देवापुढे ठेवलेल्या त्या वाहणा अवश्य पाहा. आपल्या घरी मुले निर्धास्त झोपावीत म्हणून कोणीतरी रात्रभर चालत असतो, ही साध्या माणसांची श्रद्धा त्यांत साठविलेली आहे. आणि इंग्रजी पुस्तकातील त्या एका शब्दात ती मावलेली नाही.